नोटेशन बरोबर वाजतं, पण राग दिसत नाही: संगीताची पुस्तकं कोणती घ्यावी आणि कशी वाचावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सतार शिकायला लागून तीन वर्षं झाली. आठवड्यातून एकदा गुरुजींकडे जाणं, बाकी दिवस घरी रियाज. आता इतिहास, शास्त्र आणि वादनतंत्र अशा तिन्हींवरची पुस्तकं घ्यायची आहेत, तर कोणती आणि कोणत्या क्रमानं? एकाच रागाबद्दल दोन पुस्तकं वेगवेगळं सांगतात, तेव्हा खरं कुठलं? पुस्तकातली गत (वाद्यावर वाजवायची तालबद्ध बंदिश) स्वर न् स्वर बरोबर वाजवली तरी गुरुजी म्हणतात ‘राग दिसत नाही’, हे काय? आणि सरोदच्या गतींचं एक जुनं पुस्तक हाती लागलंय, ते सतारीला चालेल का?

हे चार प्रश्न दिसतात वेगळे, पण अडचण एकच आहे. पुस्तकात जे छापलंय तेच संगीत, असं धरून तुम्ही वाचताय. आपल्याकडच्या प्रत्येक पुस्तकामागे एक विशिष्ट काम असतं. कुणाला चिजा (गायच्या बंदिशी) हरवू द्यायच्या नव्हत्या, कुणाला शाळेतल्या चाळीस मुलांना एकदम शिकवायचं होतं, कुणाला जुन्या ग्रंथांचा अर्थ लावायचा होता. ते काम कळलं की पुस्तक कुठे उपयोगी पडेल आणि कुठे फसवेल, हेही कळतं. म्हणून नुसती यादी देत नाही.

आधी काही गोष्टी तुमच्या तुम्हीच ठरवायला हव्यात, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्यायच्या आहेत का? द्यायच्या असतील तर मध्यमा, विशारदच्या लेखी पेपरासाठी अभ्यासक्रमावर बेतलेलं एक पुस्तक घ्यावंच लागतं. व्याख्या, टिपा, ताललिपी एवढ्यापुरतं ते ठीक असतं. त्यावरून राग शिकू नका. दुसरं, हिंदी सहज वाचता येतं का? छापील चिजांचा मोठा साठा आज हिंदीत मिळतो. तिसरं म्हणजे तुमची सतार खरज-पंचमाची आहे की गंधार-पंचमाची. पंडित रविशंकरांच्या बाजात (वादनशैलीत) जाड, खालच्या सप्तकातल्या खरजाच्या तारा असतात, उस्ताद विलायत खाँच्या बाजात त्या काढून गंधाराची तार घातलेली असते. खरजाच्या सतारीसाठी लिहिलेल्या पुस्तकातला अतिमंद्रातला आलाप गंधार-पंचमाच्या सतारीवर निघणारच नाही. तिथे हाताचा दोष शोधत बसू नका.

आता नोटेशन. तुमच्या तक्रारीतला निम्मा भाग इथेच असण्याची शक्यता मोठी आहे.

आपल्याकडे स्वरलिपी मुख्यतः दोन: पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची आणि पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांची. दोघांनी चिन्हं जवळपास तीच वापरली, पण अर्थ वेगळे दिले. भातखंडे पद्धतीत स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं) सप्तक आणि वर टिंब म्हणजे तार (वरचं). पलुस्कर पद्धतीत वरचं टिंब मंद्राचं असतं, तारसप्तकाला डोक्यावर उभी रेघ असते. भातखंडे पद्धतीत म वर उभी रेघ आली की तो तीव्र मध्यम. पलुस्कर पद्धतीत तीच रेघ दिसली की तारसप्तकातला मध्यम. म्हणजे पलुस्कर पद्धतीतलं पुस्तक भातखंड्यांच्या डोळ्यांनी वाचलं, तर मंद्र निषाद थेट दोन सप्तकं वर जाऊन बसतो आणि एखाद्या रागात नसलेला तीव्र म उगवतो.

तालाच्या खुणांचंही तसंच. भातखंड्यांकडे × म्हणजे सम (तालाची पहिली मात्रा), ० म्हणजे खाली (टाळी न वाजवायची जागा). पलुस्करांकडे सम १ या आकड्यानं आणि खाली + नं दाखवतात. त्यांचं शून्य स्वराखाली येतं आणि त्याचा अर्थ अर्धी मात्रा. स्वराखालची आडवी रेघ म्हणजे एक मात्रा, अर्धचंद्र म्हणजे पाव. भातखंडे पद्धतीत मात्र स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल! पलुस्कर परंपरेतल्या पुढच्या लेखकांनी या खुणांत आपापले फेरफारही केले आहेत. तेव्हा कुठलंही नवं पुस्तक उघडलं की आधी सुरुवातीचं स्वरलिपीचं पान काढा, त्याच्या खुणा एका कार्डावर उतरवा आणि ते कार्ड पुस्तकात ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण फारच थोडे लोक करतात.

भातखंडे पद्धतीतल्या आणखी दोन खुणा लक्षात असू द्या. कंसातला स्वर, म्हणजे (प), हा एक प नाही; यमनात तो ध प म॑ प असा चार स्वरांचा खटका एका प च्या वेळात घ्यायचा. आणि स्वरांच्या खाली कमान असेल तर ते सगळे स्वर एका मात्रेत, वर कमान असेल तर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तोडता जाणं. पुनर्मुद्रणांत कोमलाची रेघ आणि या कमानी पुसट होतात किंवा गळतात. ज्या रागात शुद्ध गंधार लागतच नाही त्यात तो एकाच ओळीत अचानक दिसला, तर आधी छपाईवर संशय घ्या, रागावर नको.

खुणा बरोबर वाचल्या तरी राग का दिसत नाही, ते एका ओळीवर बघू. विलंबित मसीतखानी गत बाराव्या मात्रेपासून उठते आणि मुखड्याचे (समेपर्यंतच्या सुरुवातीच्या तुकड्याचे) बोल, म्हणजे आघातांची नावं, ठरलेले असतात: दिर दा दिर दा रा, मग समेवर दा. यमनात समजा स्वर असे आहेत: गग रे सासा नि रे, सम ग वर. नि मंद्रातला. कागदावर एवढंच दिसतं. वाजवताना काय काय ठरवावं लागतं ते पाहा.

पहिलं, दिर. एका मात्रेत दोन आघात. लय मिनिटाला ४८ मात्रांची धरली तर सोळा मात्रांचं आवर्तन वीस सेकंदांचं होतं आणि एक मात्रा सव्वा सेकंदाची. दिरचा प्रत्येक आघात साधारण सव्वासहा दशांश सेकंदाचा हवा. नवशिका दोन्ही आघात पटकन उरकतो आणि उरलेली मात्रा रिकामी सोडतो. मात्रा मोजली तर चूक सापडत नाही, पण चाल तुटते. दुसरं, सोळाव्या मात्रेचा रा. तो बाहेर जाणारा आघात, हलका हवा. तो जोरात पडला की त्याच्या मागून येणारी सम बोथट होते. तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सोळाव्या मात्रेच्या रे वरून समेच्या ग वर जायचं कसं? पुस्तकात दोन सुटे स्वर छापलेत. यमनात तिथे रे च्या पडद्यावरच तार ओढून ग काढली, किंवा ग ला रे चा कण (ओझरता स्पर्श) दिला, तर राग उभा राहतो. रे चा पडदा सोडून बोट ग च्या पडद्यावर टाकलं तर स्वर बरोबर येतो आणि तुमचे गुरुजी म्हणतात ते होतं.

उतरत्या मींडेचा घोळ याहून मोठा. प आणि रे वर कमान छापलेली असते, बस. सतारीवर ती मींड रे च्या पडद्यावर घ्यायची असते: आधी आघात न करता तार पाच अर्धस्वर ओढून प च्या जागी न्यायची, मग दा, मग म॑ आणि ग ला ओझरता स्पर्श करत तार सैल सोडायची. म्हणजे प ऐकू येण्याआधी तो बोटाला ठाऊक हवा. हे जमवायला स्वतंत्र रियाज लागतो. रे च्या पडद्यावर ओढून काढलेला प आणि प च्या पडद्यावरचा प आळीपाळीने वाजवा, वीस-पंचवीस वेळा, दोन्ही तंतोतंत मिळेपर्यंत. बहुतेक वेळा ओढलेला प किंचित उतरलेलाच निघतो. हे कुठलंही पुस्तक ऐकून सांगू शकत नाही, म्हणून तंबोरा चालू ठेवल्याशिवाय नोटेशनला हात लावू नये.

माझी विद्यार्थ्यांना सांगायची रीत अशी: नवी गत आली की सतार बाजूला. हातानं ताल धरून आधी नुसते बोल म्हणायचे, मग स्वर म्हणायचे, मग मुखडा आणि सम एवढंच पाच-सात आवर्तनं. त्यानंतर सतार घ्यायची, आणि तीही कण-मींड-खटके सगळे गाळून. सांगाडा न अडखळता निघाला की एकेक अलंकार परत घालायचा. शेवटी त्याच रागाची तीन वेगवेगळ्या कलावंतांची ध्वनिमुद्रणं ऐकायची, आणि ज्या जागी पुस्तक व कान यांचं जमत नाही तिथे पेन्सिलीनं खूण करायची. त्या खुणा घेऊन गुरुजींकडे जा. ‘हा राग समजवा’ असं म्हणण्यापेक्षा ‘तिसऱ्या ओळीत सातव्या मात्रेला हे असं का?’ विचारलंत, तर शिकवणीचा तास सत्कारणी लागतो.

पुस्तकाचा क्रम म्हणाल तर पहिलं भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेतलं, तेही दुसऱ्या भागापासून. पहिला भाग स्वर-तालाच्या ओळखीचा आहे, तो टप्पा तुम्ही ओलांडलात. दुसऱ्यात दहा थाटांचे (रागांच्या दहा गटांचे) आश्रयराग, म्हणजे प्रत्येक गटाचा मुख्य राग, आहेत: यमन, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. एकूण सहा भाग. पण यातल्या चिजा गायनाच्या आहेत. सतारीसाठी त्यांचा मुखडा घ्या आणि शब्दाच्या प्रत्येक अक्षराला एक आघात द्या. अक्षर लांबलं असेल (तिथे ऽ छापलेला असतो) तर नवा आघात न करता मींड किंवा चिकारी (बाजूच्या, सा ला मिळवलेल्या तारा). आकारासाठी लांबवलेल्या प्रत्येक मात्रेवर दा-रा मारत गेलं की सुंदर ख्यालाचं शिलाई मशीन होतं.

याच्या जोडीला पं. विनायकबुवा पटवर्धनांचं ‘रागविज्ञान’ ठेवा. सात भाग आहेत, तुम्हाला सुरुवातीला लागेल तेवढेच घ्या. त्यात आलाप-तानांचा विस्तार लिहून दाखवला आहे, जो क्रमिक मालिकेत त्या प्रमाणात नाही. भातखंड्यांकडे रागाचा नियम आणि चिजांचा साठा, पटवर्धनांकडे ग्वाल्हेर वळणाचा विस्तार. दोन्ही एकाच रागापुरती शेजारी उघडून वाचा.

आता शास्त्र. इथे मराठी वाचकाला एक सोय आहे, तिचा फायदा घ्या. भातखंड्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा चार भागांचा ग्रंथ मुळात मराठीत आहे आणि गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. शिष्य शंका काढतो, गुरू जुन्या ग्रंथातला आधार देतो, मग आजचे गायक काय करतात ते सांगतो, आणि कधी कधी ‘याबाबत मतभेद आहे’ म्हणून सोडूनही देतो. पहिल्या पानापासून वाचायला घेतलंत तर पन्नासाव्या पानावर पुस्तक मिटेल. जो राग सध्या हातात आहे तेवढ्याचंच प्रकरण काढून वाचा. वर्षभरात सात-आठ राग होतील, तेवढे पुरेत.

दोन पुस्तकं वेगळं सांगतात याची कारणं साधारण तीन. तिसरं, छपाईची चूक, वर येऊन गेलं.

पहिलं कारण काळाचं. जुन्या ग्रंथातला ‘शुद्ध’ स्वर म्हणजे आजचा शुद्ध स्वर नव्हे. हे नुसतं पाठ करण्यापेक्षा कागदावर करून बघा. नाट्यशास्त्रकार भरताच्या षड्जग्रामात (त्याच्या मूळ सप्तकात) श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक अंतरांची, वाटणी सा ४, रे ३, ग २, म ४, प ४, ध ३, नि २ अशी आहे, एकूण २२. भरत स्वर शेवटच्या श्रुतीवर ठेवतो. म्हणजे रे च्या तीन श्रुती सा आणि रे यांच्या मध्ये येतात, ग च्या दोन रे आणि ग यांच्या मध्ये. मग अंतरं होतात ३, २, ४, ४, ३, २, ४. दोन श्रुतींची छोटी अंतरं रे-ग आणि ध-नि मध्ये पडली, म्हणजे ग आणि नि कोमलासारखे: हा आजचा काफी. भातखंड्यांनी तीच ४-३-२-४-४-३-२ वाटणी ठेवून स्वर पहिल्या श्रुतीवर बसवले. आता अंतरं ४, ३, २, ४, ४, ३, २. छोटी अंतरं ग-म आणि नि-सां मध्ये गेली: हा बिलावल. आकडे तेच, स्वर बसवायची जागा बदलली, आणि शुद्ध सप्तकच बदललं.

बिलावल शुद्ध मानण्याची रीत पाटण्याच्या मुहम्मद रझांच्या १८१३ च्या ग्रंथात आधीच दिसते. भातखंड्यांनी तिला शास्त्राची चौकट दिली. त्यामुळे ‘संगीतपारिजात’सारख्या ग्रंथातलं रागलक्षण उद्धृत केलेलं दिसलं, की त्यातले ‘शुद्ध ग, शुद्ध नि’ आजच्या भाषेत कोमल वाचायचे. कर्नाटक संगीतातली तोडी ऐकली तर ती आपल्या भैरवीच्या स्वरांत असते, तेव्हा नावांवरही फार विसंबून चालत नाही.

दुसरं कारण वर्गीकरणाचं आणि परंपरांचं. दहा थाट ही कपाटाच्या खणांसारखी सोय आहे. काही राग खणात बसतच नाहीत. पटदीपात कोमल ग आणि शुद्ध नि, असा थाट दहांत नाहीच. तरी पुस्तकं त्याला काफीत टाकतात. अहिरभैरवात कोमल नि आहे, तरी तो भैरव थाटात. मधुवंतीचंही तेच. थाटावरून भांडू नका, रागाचं चलन (स्वरांची चाल) बघा. वादी-संवादीचं, म्हणजे रागातल्या मुख्य दोन स्वरांचं, उदाहरण मारव्याचं घ्या. भातखंडे पद्धतीत वादी कोमल रे, संवादी शुद्ध ध. या दोघांत आठ अर्धस्वरांचं अंतर आहे, म्हणजे षड्ज-पंचम किंवा षड्ज-मध्यम असा संवाद नाहीच. म्हणून काही लेखक इथे वेगळी जोडी देतात. यातला कुणीही चूक नाही. एकजण नियमाकडून रागाकडे येतोय, दुसरा रागाकडून नियमाकडे. परीक्षेत ज्या पुस्तकाचा अभ्यासक्रम आहे ते उत्तर लिहा, वाजवताना मारव्यात सा ला किती टाळायचं हे कानानं ठरवा.

आणि काही वेळा पुस्तकातला तक्ता दोन रागांना जवळजवळ एकच दाखवतो. भूप आणि देसकार, दोन्हींत सा रे ग प ध. तक्त्यात फरक एवढाच की भूपाचा वादी ग, देसकाराचा ध. प्रत्यक्षात भूप खालच्या अंगात, ग वर विसावत फुलतो. देसकार ध वरून, वरच्या अंगात. तक्ता वाचून हे बोटात उतरणार नाही, दोन्ही सलग ऐकूनच उतरेल. त्यासाठी योप बोर यांनी संपादित केलेलं इंग्रजी ‘द राग गाइड’ (१९९९) फार उपयोगी आहे: ७४ राग, आणि सोबत त्याच रागांची छोटी ध्वनिमुद्रणं. गाणाऱ्यांत श्रुती सडोलीकर आणि विद्याधर व्यास आहेत, वाजवणाऱ्यांत हरिप्रसाद चौरसिया आणि बुद्धदेव दासगुप्ता. कागद आणि कान एकाच वेळी कामाला लावणारं याच्या तोडीचं दुसरं पुस्तक मला माहीत नाही.

शास्त्राचा एक भाग मात्र सतारीवर थेट करून पाहता येतो, तो सोडू नका. ‘संगीतपारिजात’कार अहोबलानं स्वरांच्या जागा तारेच्या लांबीवरून सांगितल्या. तार ३६ भाग धरली तर मध्यावर, १८ वर तार षड्ज, २४ वर पंचम, २७ वर मध्यम. तुमच्या सतारीची बाजाची (मुख्य) तार जवारीच्या (भोपळ्याकडच्या घोडीच्या) पुढच्या कडेपासून मेरूपर्यंत (वरच्या टोकाच्या पट्टीपर्यंत) मोजा. समजा ९० सेंटिमीटर भरली. मोकळी तार मंद्र मध्यमाची आहे हे विसरू नका, कारण पुस्तकातली गणितं मोकळ्या तारेला सा धरून असतात. तर तिच्या निम्म्यावर, ४५ वर, मध्य सप्तकातला म. दोन तृतीयांशावर, ६० वर, सा. आणि आठ नवमांशावर, ८० वर, मंद्र पंचम. आता पडदे प्रत्यक्ष मोजा. पडदा या आकड्यांपेक्षा थोडा मेरूकडे सरकलेला आढळेल. कारण तार दाबली की ताण वाढतो आणि स्वर चढतो. ती चढ भरून काढायला पडदा किंचित मेरूकडे बांधावा लागतो. तार जितकी पडद्यापासून उंच, तितका हा फरक जास्त. हे एकदा मोजलं की बावीस श्रुतींची दशांशस्थळांपर्यंतची कोष्टकं छापणाऱ्या पुस्तकांकडे तुम्ही जरा वेगळ्या नजरेनं बघाल. ती खोटी नसतात, पण दाबलेल्या तारेचा हिशेब त्यांत नसतो.

पडद्यांबद्दल आणखी एक. एकोणीस पडद्यांच्या बहुतेक सतारींत मध्य सप्तकातल्या रे ला आणि ध ला एकेकच पडदा असतो. भैरव किंवा तोडी वाजवायच्या आधी ते कोमलावर सरकवावे लागतात, आणि तरफाही (पडद्यांखालच्या झंकारणाऱ्या तारा) रागाप्रमाणे मिळवाव्या लागतात. पुस्तकात ‘कोमल ऋषभ’ एवढंच असतं. पडदा अर्धवट सरकवून वाजवलेला भैरव हे ‘राग दिसत नाही’चं अगदी साधं, रोजचं कारण आहे.

वादनतंत्रावरच्या पुस्तकांबद्दल माझं मत जरा कडक आहे. बैठक, नखी कुठवर घालायची, बोलांचे क्रम, पलटे, तारा मिळवणं, एवढं त्यांतून शिकता येतं. रविशंकरांच्या ‘माय म्युझिक, माय लाइफ’ (१९६८) मध्ये सतारीचा असा पाठ दिलेला आहे आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. पण आघाताचं वजन, मींडेचा वेग, झाल्यात (शेवटच्या द्रुत भागात) चिकारी किती मागे ठेवायची, यांचं चित्र काढता येत नाही. गुरुजींच्या हाताशी पुस्तकाचा फोटो जुळला नाही तर हात बदलू नका, पुस्तक मिटा. तबल्याच्या साथीची समज हवी असेल तर अरविंद मुळगावकरांचं ‘तबला’ हे मराठी पुस्तक घ्या. तिथेही लक्षात ठेवायचं ते एवढंच की लिहिलेला बोल आणि त्याचा निकास (तो हातानं काढायची रीत) या दोन गोष्टी आहेत. दिल्लीच्या बाजात चाटेवर (तबल्याच्या कडेवर) निघणारा बोल पूरबच्या बाजात लवेवर (कडेच्या आतल्या भागावर) निघू शकतो, अक्षर मात्र तेच राहतं.

इतिहास सर्वांत शेवटी घ्या, पण घ्या. सुरुवात जुन्या संस्कृत ग्रंथांपासून करू नका. शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ देवगिरीच्या यादवांच्या, सिंघणाच्या आश्रयानं तेराव्या शतकात लिहिला गेला, म्हणून आपल्याला त्याचं अप्रूप असतं. पण त्याच्या सात अध्यायांतले बहुतेक राग आणि प्रबंध आज कुणी वाजवत नाही. आधी जवळचा काळ वाचा. बी. आर. देवधरांचं ‘थोर संगीतकार’ माणसं दाखवतं. वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ (१९६१) विचार करायला लावतं: स्वर आणि लय अशी दोन टोकं धरून ते घराणी मांडतात, किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या, जयपूर मधोमध समतोलात. मांडणी चपखल आहे. लेखकाची तालीम जयपूरची होती, एवढं ध्यानात ठेवून वाचली म्हणजे झालं.

पं. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि भातखंड्यांनी १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. या दोघांबद्दल आपल्याकडे बहुतेक लिखाण भक्तिभावानं झालंय. उलट बाजू वाचायची तर जानकी बाखले यांचं ‘टू मेन अँड म्युझिक’ (२००५) इंग्रजीत आहे. सगळं पटेलच असं नाही, मलाही पटत नाही. पण तुम्ही वापरता ती स्वरलिपी आणि परीक्षापद्धती कुठल्या हेतूंतून आली, हे त्यानंतर निराळं दिसतं.

इतिहासाचं पुस्तक विश्वासू आहे की नाही, हे तपासायची एक सोपी कसोटी सतारवाल्यांसाठी आहे. सतारीच्या जन्माचं पान उघडा. ‘अमीर खुसरोनं सतार आणि तबला शोधून काढला’ असं आधाराशिवाय, ठासून लिहिलं असेल तर बाकीची पानंही जपून वाचा. खुसरो १३२५ मध्ये वारले. दिल्लीच्या मैफिलींत सतार ठळक दिसू लागते ती अठराव्या शतकात; दर्गा कुली खाँनं १७३९ च्या सुमाराच्या दिल्लीचं जे वर्णन लिहिलंय, त्या काळात. मसीत खाँच्या नावाची गत त्याच शतकातली, रझाखानी (द्रुत गत) त्यानंतरची, एकोणिसाव्या शतकातली. याचा नीट पाठपुरावा अ‍ॅलिन मायनर यांच्या सतार-सरोदवरच्या इंग्रजी पुस्तकात (१९९३) आहे. तुम्ही सतार वाजवता, तेव्हा हे एक इतिहासाचं पुस्तक घ्याच.

राहिला सरोदच्या गतींचा प्रश्न. चालेल, बोल न बदलता. सतारीवर दा आत, स्वतःकडे खेचून निघतो. सरोदवर जव्यानं (हातात धरायच्या छोट्या तुकड्यानं) खाली मारून निघतो. दिशा वेगळी, पण वजनाचा आघात दोन्हींकडे दा च, हलका रा च. त्यामुळे कागदावरचं दा-रा तसंच ठेवायचं. अडतं ते दोन ठिकाणी. सरोदला पडदे नाहीत, तिथली घसीट बोट पट्टीवरून सरकवून येते. सतारीवर ती जागा चार-पाच अर्धस्वरांच्या आत असेल तर मींडेनं घ्या, त्याहून मोठी असेल तर पडद्यांवरून बोट घसरवत न्या. आणि सरोदच्या गतीत मंद्रात, जाड तारांवर बराच वेळ काम असतं. तुमची सतार गंधार-पंचमाची असेल तर तेवढ्या ओळी एक सप्तक वर वाजवा, आणि तसं वाजवल्यावर रागाचं वजन वरच्या अंगात सरकतंय असं वाटलं तर ती गत सोडून पुढची घ्या. दरबारीत असं हमखास होतं.